45 व्या वर्षी नोकरी सोडायची आहे? 'किती कोटी लागतील' याच्या आधी हे प्रश्न विचारा

रील्स स्क्रोल करताना हा विषय कधी ना कधी समोर येतोच. कुणीतरी चाळिशीतला माणूस डोंगरातल्या घराच्या ओसरीवर चहा पीत सांगत असतो, "मी कॉर्पोरेट सोडलं." खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न शेकडो वेळा विचारलेला असतो: किती कोटी होते तेव्हा सोडलं?

उत्तरं तयार असतात. कुणी 2 कोटी म्हणतं, कुणी 5, कुणी 10 च्या खाली बोलतच नाही. पण लवकर निवृत्त झालेल्यांची गाडी अडते ती बहुतेक वेळा या आकड्यापाशी नाही, वेगळ्याच ठिकाणी. पैसा असतो, पण हवा तेव्हा हातात येत नाही. ऑफिसचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आणि सकाळचे अकरा वाजलेत, आता काय करायचं, याचं उत्तर कुणी तयार ठेवलेलं नसतं.

'फायर' नवीन, व्हीआरएस जुनी

'फायर' म्हणजे फायनान्शियल इंडिपेन्डन्स, रिटायर अर्ली. कमी खर्च, जास्त बचत, गुंतवणूक, आणि साठीच्या कितीतरी आधी पगाराच्या गरजेतून सुटका, अशी ही कल्पना. तिची मुळं अमेरिकेत आहेत. विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या 1992 च्या पुस्तकाने ती गाजवली आणि पुढे ब्लॉग आणि यूट्यूबने ती जगभर नेली.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला मात्र लवकर निवृत्ती आधीपासून माहीत आहे. फक्त आपण तिला 'व्हीआरएस घेतली' म्हणत होतो.

2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. वय 40 किंवा 15 वर्षांची नोकरी, एवढी अट होती. देशभरात सुमारे 1 लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली. तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत तेव्हा बँकेतून बाहेर पडलेलं एखादं माणूस सहज सापडेल. पुढे बीएसएनएल आणि एमटीएनएलची पाळी आली. 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी बीएसएनएलमधून 78 हजारांहून अधिक आणि मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून 14 हजारांहून अधिक लोक निवृत्त झाले. सगळे पन्नाशीच्या पुढचे होते. दोन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागला.

यातली बँकांची गोष्ट आज पंचेचाळिशीत निवृत्त होऊ पाहणाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. 2000-01 मध्ये वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या एफडीवर साडेआठ ते दहा टक्क्यांच्या घरात व्याज मिळत होतं. समजा, कुणी व्हीआरएसचे 10 लाख 10 टक्क्यांनी ठेवले. वर्षाला 1 लाख, म्हणजे महिन्याला 8,300 च्या आसपास. त्या काळात त्यात घर चालत होतं. मग तीन वर्षांनी एफडीची मुदत संपली तेव्हा व्याजदर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरले होते. तेच 10 लाख, पण आता महिन्याला साधारण 4,600. मुद्दल एका रुपयानेही कमी झालं नव्हतं. उत्पन्न मात्र जवळपास निम्म्यावर आलं होतं आणि महागाई थांबलेली नव्हती. ज्यांना बँकेची पेन्शन सुरू झाली होती ते तरले. ज्यांचा सगळा भार एफडीवर होता, त्यांना पन्नाशीच्या आत-बाहेर पुन्हा काम शोधायची वेळ आली.

'एफडीत ठेवू आणि व्याजावर जगू' हा सल्ला आजही घरातली मोठी माणसं देतात. दहा-बारा वर्षांच्या निवृत्तीत तो कदाचित निभावतो. 40 वर्षांच्या निवृत्तीत निभावणं कठीण आहे.

25 पट, 33 पट, 40 पट: या आकड्यांचा अर्थ काय?

इंटरनेटवर सर्वाधिक फिरणारा नियम आहे '25 पट'चा. वर्षाचा खर्च गुणिले 25 एवढी रक्कम जमली की तुम्ही मोकळे, असं तो सांगतो. त्याचं मूळ विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक नियोजकाच्या 1994 च्या लेखात आहे. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी एकूण रकमेच्या 4 टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईएवढी वाढ करत जायचं, तर पैसे किती वर्षं पुरतात, हे त्यांनी अमेरिकेच्या बाजारातल्या जुन्या आकडेवारीवर तपासलं. 4 टक्के म्हणजेच 25 पट.

नियम चांगला आहे, पण तो 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी होता आणि आकडेवारी अमेरिकेची होती. 65 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला 30 वर्षं पुष्कळ झाली. 45 व्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला 85 पर्यंतचा विचार करायचा तर 40 वर्षं लागतात. बायको नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल तर तिच्या वयाने मोजावं लागतं, म्हणजे 45 वर्षं.

मग आपल्यासाठी किती पट? यासाठी कॅल्क्युलेटर अ‍ॅपची गरज नाही. तुमची गुंतवणूक, कर भरल्यानंतर, महागाईच्या वर किती टक्के कमावते, एवढा एकच प्रश्न आहे. महागाईएवढंच कमावत असेल, वर काही नाही, तर हिशोब सोपा: जितकी वर्षं तितके पट. 40 वर्षांसाठी 40 पट. महागाईच्या वर 1 टक्का सुटत असेल तर सुमारे 33 पट. 2 टक्के सुटत असतील तर सुमारे 28 पट. 25 पटीत 40 वर्षं काढायची तर महागाईच्या वर जवळपास पावणेतीन टक्के, तेही चार दशकं, मिळवावे लागतात.

महिन्याला 50 हजार खर्च असलेलं घर घेऊ. वर्षाचे 6 लाख. 25 पट म्हणजे 1.5 कोटी, 33 पट म्हणजे साधारण 2 कोटी, 40 पट म्हणजे 2.4 कोटी. महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांनी हाच खर्च महिन्याला 1 लाख असेल आणि 24 वर्षांनी 2 लाख. तेव्हा निवृत्त माणूस 69 वर्षांचा असेल.

राहतं घर या रकमेत धरायचं नाही. त्यात राहायचं आहे, ते खाता येत नाही. मुलांच्या शिक्षणाचा पैसाही वेगळा. आणि घराचं कर्ज चालू असताना लवकर निवृत्तीचा विचार करणं म्हणजे स्वतःच्या पगाराची सोय न करता बँकेच्या पगाराची हमी घेणं.

खरी चूक होते ती 'महिन्याला 50 हजार' या आकड्यात. लोक किराणा, वीज, पेट्रोल, शाळेची फी मोजतात. विम्याचे हप्ते, सोसायटीने अचानक काढलेला रंगकामाचा खर्च, गावच्या देवळाची वर्गणी, गणपतीत घरी येणारे पाहुणे, भाच्याच्या लग्नातला आहेर, दर चार वर्षांनी बदलणारे फोन, दहा वर्षांनी बदलणारी गाडी, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, हे महिन्याच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. त्यामुळे आठवणीवर जाऊ नका. गेल्या 24 महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं काढून बसा. वर्षाला 1 लाखाचा खर्च मोजायचा राहिला, तर 33 पटीच्या हिशोबात तो 33 लाखांचा खड्डा असतो.

पहिली पाच वर्षं सगळ्यात नाजूक

पुरेसे पैसे आहेत, शेअर बाजारात नीट विभागून लावलेत, सरासरी परतावाही चांगला आहे. तरीही सगळं कोसळू शकतं. कारण सरासरी चांगली असली तरी वाईट वर्षं कधी येतात हे आपल्या हातात नाही.

2008 या एका वर्षात सेन्सेक्स 20,000 च्या वरून 10,000 च्या खाली आला. 2020 मध्ये तो जानेवारीत 42,000 च्या आसपास होता आणि 23 मार्चला 26,000 च्या खाली. दोन्ही वेळा बाजार पुन्हा वर आला. नोकरी करणाऱ्याच्या एसआयपीला तर त्या पडझडीने फायदाच झाला. पण ज्याला त्याच वर्षी भाजीपाल्यासाठी युनिट्स विकावी लागली, त्याने ती स्वस्तात विकली. ती परत आली नाहीत.

आकड्यात पाहा. 1.5 कोटींपैकी पहिल्या वर्षाचे 6 लाख काढले, उरले 1.44 कोटी. त्या वर्षी गुंतवणूक एकूण 30 टक्क्यांनी घसरली, उरले सुमारे 1 कोटी. पुढच्या वर्षाचा खर्च 6.36 लाख. म्हणजे आता 4 टक्के नाही, 6 टक्क्यांहून अधिक काढावे लागतायत. आणि 1.44 कोटींवर परत यायला 43 टक्के वाढ हवी. हीच घसरण निवृत्तीनंतर विसाव्या वर्षी आली असती तर फार बिघडलं नसतं.

यावरचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी. तीन ते पाच वर्षांचा खर्च शेअर बाजाराच्या बाहेर, एफडी किंवा लिक्विड फंडासारख्या ठिकाणी ठेवायचा. बाजार पडला की त्यातून जगायचं, बाजार चढला की वरच्या नफ्यातून तो पुन्हा भरायचा. या पैशावर परतावा कमी मिळतो म्हणून अनेक जण कुरकुरतात. तो परताव्यासाठी नसतोच.

कोणता पैसा कोणत्या वयाला उघडतो?

निवृत्तीसाठी म्हणून बनवलेल्या बहुतेक सरकारी सोयी तुम्ही निवृत्त झालात का हे बघत नाहीत, तुमचं वय बघतात. 45 व्या वर्षी राजीनामा दिलेल्या माणसाला त्या ओळखतच नाहीत.

ईपीएफपासून सुरू करू. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर 75 टक्के रक्कम लगेच काढता येईल, मात्र मुदतीआधी पूर्ण खातं रिकामं करण्यासाठी दोनऐवजी 12 महिने थांबावं लागेल. पैसे काढलेच पाहिजेत असं नाही. खातं तसंच ठेवलं तर 58 व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सोडल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र असतं. ही गोष्ट अनेकांना आयकर विवरण भरतानाही माहीत नसते.

ईपीएसची पेन्शन हा त्याच्या शेजारचा, पण अगदी वेगळा विषय. किमान 10 वर्षांची नोकरी असेल तर 58 व्या वर्षी ती पूर्ण मिळते. 50 पासून घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या दर वर्षामागे 4 टक्के कपात. आणि 'पूर्ण' म्हणजे किती? पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. बहुतेकांसाठी पगाराची मर्यादा 15,000 रुपये आहे. 18 वर्षं नोकरी झाली असेल तर 58 व्या वर्षी महिन्याला जास्तीत जास्त 3,857 रुपये. ज्यांनी ठरलेल्या मुदतीत जास्त पगारावरच्या पेन्शनचा पर्याय घेतला त्यांचं गणित निराळं, बाकीच्यांनी 'आपल्याला पीएफची पेन्शन आहे ना' या वाक्यावर घराचं बजेट उभं करू नये.

पीपीएफची मुदत 15 वर्षं. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं आणि व्याज करमुक्त. तिशीत खातं उघडलं असेल तर पंचेचाळिशीला ते नेमकं उघडतं. लवकर निवृत्तीसाठी याहून सोयीचं सरकारी साधन शोधून सापडणार नाही. तिशीत त्याला कंटाळवाणं म्हणून नाक मुरडलं जातं, ती गोष्ट वेगळी.

एनपीएसमधून मुदतीआधी बाहेर पडलं तर जमा रकमेचा मोठा भाग अ‍ॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत, घालावा लागतो. बाहेर पडण्याचे नियम अलीकडे बदलले आहेत, त्यामुळे आपल्या खात्याला आज काय लागू आहे हे राजीनाम्याआधी तपासणं आवश्यक.

सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीमचं व्याज अलीकडे 8.2 टक्के राहिलं आहे, कमाल गुंतवणूक 30 लाख. पण वय 60 हवं. 55 ते 60 मधल्यांना ती मिळते, मात्र सेवानिवृत्ती किंवा व्हीआरएसने बाहेर पडलेल्यांनाच, आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवले तर. साधा राजीनामा आणि व्हीआरएस यात असा फरक पडतो. नियमात बसणाऱ्या व्हीआरएसच्या भरपाईवर 5 लाखांपर्यंत कर लागत नाही, राजीनाम्यावर अशी भरपाईच नसते. कंपनीत पुढच्या वर्षी व्हीआरएस येण्याची कुजबुज असेल तर घाईने राजीनामा टाकणं महागात पडू शकतं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी नियम वेगळे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 नुसार 20 वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मात्र जुनी पेन्शन ही मुळात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी रुजू झालेल्यांसाठी. त्यानंतरच्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा निर्णय पाहून आपला घेऊ नये.

म्हणून एका कागदावर डावीकडे आपलं वय लिहून काढावं, 45 पासून 70 पर्यंत. प्रत्येक वयासमोर त्या वर्षी कोणता पैसा उघडतो ते लिहावं. 45 ते 58-60 या पट्ट्यात जी मोकळी जागा दिसेल, तेवढी वर्षं म्युच्युअल फंड, एफडी, पीपीएफ, भाडं किंवा छोट्या कामातून भरून काढायची आहेत. अनेकांकडे एकूण रक्कम पुरेशी असते आणि हा मधला पट्टाच रिकामा असतो.

ऑफिसचा मेडिक्लेम गेला की?

हा भाग थोडक्यात, पण टाळण्यासारखा नाही. नोकरी संपली की कंपनीचा ग्रुप विमा संपतो. त्यात आई-वडील असतील तर त्यांचाही. नवी वैयक्तिक पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनाम्याच्या किमान तीन वर्षं आधी स्वतःची वेगळी पॉलिसी सुरू झालेली असावी. ऑफिसची आहे तोवर दुसरी कशाला, असं वाटतं, पण ती तीन वर्षं पगार चालू असताना निघून जातात. उशीर झालाच असेल तर ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरी सोडण्याआधीच विचारावं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा दिलासा.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे आणि सर्व रेशनकार्डधारकांना तिचा लाभ देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. पण ती ठराविक उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या रुग्णालयांतच चालते. तिचा आधार धरावा, तिच्यावर सगळं सोपवू नये.

मंगळवार, सकाळचे अकरा

आता तो भाग, ज्याचं एक्सेल शीट होत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी 1970 च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यात सुरुवातीला मधुचंद्राचा काळ येतो: उशिरा उठणं, प्रवास, राहिलेली कामं. त्यानंतर भ्रमनिरासाचा. आणि मग, जमलं तर, दिवसाची नवी घडी बसते. साठीत निवृत्त झालेल्यांना या दुसऱ्या टप्प्यात निदान सोबत मिळते. बागेतल्या बाकावर समवयस्क असतात, मित्रही त्याच सुमारास मोकळे झालेले असतात. पंचेचाळिशीतल्या माणसाचे मित्र मंगळवारी सकाळी अकराला मीटिंगमध्ये असतात. फोन केला तर म्हणतात, "संध्याकाळी करतो." संध्याकाळी ते दमलेले असतात.

डोक्याचाही प्रश्न आहे. सुझान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातल्या देशांची तुलना केली. जिथे लोक लवकर निवृत्त होतात तिथे साठीच्या सुरुवातीच्या वयातल्या लोकांची स्मरणशक्तीची कामगिरी कमी दिसली. याचा अर्थ नोकरी सोडली की मेंदू गंजतो असा काढणं चूक आहे. कोणतं काम सोडलं आणि त्याच्या जागी काय आलं, यावर बरंच अवलंबून असतं. जागी काहीच आलं नाही, तर मात्र काळजीचं कारण आहे.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न: "सध्या काय करता?" लग्नात, वास्तुशांतीला, मुलाच्या शाळेत, डॉक्टरकडे फॉर्म भरताना. 'निवृत्त' म्हटलं तर समोरचा तुमच्या केसांकडे बघतो. 'काही नाही' म्हटलं तर त्याला वाटतं, काढून टाकलेलं दिसतंय. चार वर्षांनी मुलीचं स्थळ बघताना "वडील काय करतात?" हा प्रश्न पुन्हा येणार असतो. हे हसण्यावारी नेता येतं, पण वीस वर्षं ज्याची ओळख कंपनीच्या नावाने झाली त्याला ते पहिलं वर्षभर बोचतं. स्वतःपुरतं एक खरं उत्तर आधीच तयार असलेलं बरं. "दोन दिवस कॉलेजात शिकवतो, बाकी शेती बघतो" हे उत्तर चालतं. अर्थात ते खरं असावं लागतं.

घरातही घडी विस्कटते. नोकरी सोडणाऱ्याला वाटतं, आता घरच्यांना वेळ देऊ. घरच्यांचं वेळापत्रक त्याच्याशिवाय वीस वर्षं बसलेलं असतं. सकाळी दहा ते पाच हे घर ज्याच्या ताब्यात होतं, बहुतेक वेळा बायकोच्या किंवा आईच्या, तिच्या दिवसात आता दोन वेळचा जास्तीचा चहा, दुपारचं गरम जेवण आणि "हा डबा इथे का ठेवलाय?" अशा सूचना येतात. दोघांपैकी एकाने निवृत्त व्हायचं आणि दुसऱ्याने नोकरी करायची असेल तर हिशोब आणखी नाजूक. सकाळी डबा कोण करणार, हे आधी बोललेलं बरं. ज्या घरात 'तू घरीच असतोस' हे वाक्य भांडणात पहिल्यांदा येतं, तिथे ते बोलणं राहून गेलेलं असतं.

इथे एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. मुलांच्या दहावीसाठी किंवा सासूबाईंच्या आजारपणासाठी चाळिशीत नोकरी सोडणाऱ्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. त्यांना कुणी 'अर्ली रिटायर' म्हणत नाही. त्यांच्या पीएफची रक्कम घराच्या खर्चात विरते आणि पेन्शनला लागणाऱ्या 10 वर्षांत थोडे महिने कमी पडतात, हे नोकरी सोडून झाल्यावर कळतं. वर लिहिलेलं सगळं, वयाचा कागद, स्वतःच्या नावाची पॉलिसी, नोकरीची मोजलेली वर्षं, त्यांना सगळ्यात जास्त लागू पडतं.

गावी जाऊन राहायचं ठरवलं असेल तर

मुंबई-पुण्यातला फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा आणि कोकणात, साताऱ्याकडे किंवा आपल्या मूळ गावी राहायचं, हे अनेकांच्या योजनेतलं आवडतं पान. खर्च कमी होतो, हे खरं. पण तीन गोष्टी पाहाव्यात. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? काका-चुलत्यांचं सामाईक घर दिवाळीत आठ दिवस सगळ्यांचं असतं, कायमचं राहायला गेलं की प्रश्न सुरू होतात. दुसरं, रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर अँजिओग्राफी होईल असं रुग्णालय किती अंतरावर आहे? आणि तिसरं, तिथे एक अख्खा पावसाळा काढलाय का? मे महिन्यातलं गाव आणि जुलैतलं गाव वेगळं असतं. वीज जाते, कौलं गळतात, रस्ता बंद होतो, आणि शेजारीपाजारी लावणीत असतात. फ्लॅट विकण्याआधी एक पावसाळा राहून बघावं.

रंगीत तालीम आणि राजीनाम्याची तारीख

निर्णयाच्या वर्षभर आधी दोन प्रयोग करता येतात. पहिला पैशाचा: सहा महिने निवृत्तीनंतरच्या बजेटवर जगायचं, बाकी पगार वेगळ्या खात्यात, हात न लावता. दुसऱ्या महिन्यात एखाद्याच्या लग्नाचं आमंत्रण येतं आणि बजेटचा खरा आकडा कळतो. दुसरा प्रयोग वेळेचा: साठलेली रजा एकत्र करून तीन-चार आठवडे घरी राहायचं. सुट्टीचा, सणाचा महिना नको, कुठे फिरायला जायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात आपण ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती वेळा डोकावतो, हे मोजावं. नोकरीचा कंटाळा आलाय की या विशिष्ट साहेबाचा, हेही तेव्हाच कळतं. दुसरं असेल तर नोकरी बदलणं हा कितीतरी स्वस्त उपाय आहे. पन्नाशीजवळ पाच वर्षांच्या खंडानंतर पूर्वीच्या पगारावर परतणं आपल्याकडे सोपं नाही.

हे सगळं झालं आणि निर्णय पक्का राहिला, तर तारीख बघायची. ग्रॅच्युइटी 5 वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते: शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या आधारे, प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. 20 लाखांपर्यंत ती करमुक्त. खासगी क्षेत्रात नोकरी सोडताना मिळणारे शिल्लक रजेचे पैसे 25 लाखांच्या मर्यादेत, नियमांनुसार करमुक्त. पण बोनस, शेअर्स, 5 लाखांवरची व्हीआरएस भरपाई यांवर कर लागतो. हे पैसे मार्चमध्ये आले तर ते अख्ख्या वर्षाच्या पगारावर चढतात आणि वरच्या टप्प्यात कर कापला जातो. तेच एप्रिलमध्ये आले तर नवं आर्थिक वर्ष रिकामं असतं. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. शेअर्स आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्याला मात्र ही सूट नाही, तिथे वर्षाला 1.25 लाखांच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के लागतात.

शेवटच्या दिवसाआधी ईपीएफ खात्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधार जुळतंय का ते बघून घ्यावं. नॉमिनीमध्ये अजून लग्नाआधीचं, आईचं नाव असेल तर तेही बदलून घ्यावं. जुन्या कंपनीचा पीएफ नव्यात वळवायचा राहिला असेल तर तो आत्ताच वळवावा. एचआरमधली ओळखीची माणसं तिथे आहेत तोवर या दुरुस्त्या आठवड्याभरात होतात, नंतर त्याच कामासाठी महिनोन्‌महिने मेल पाठवावे लागतात.